टिलवे उतरत नव्हते ती जागा

१

भिवंडीच्या मंडईमागे विनिता तरेचं औषधांचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं, आणि थंडीच्या दिवसांत ज्या रविवारी सकाळी ओहोटी असेल त्या रविवारी ती कशेळीच्या खाडीवर पक्षी बघायला जाते. सुरुवातीला एकटीच जायची. मग दुकानात येणारी माणसं विचारायला लागली, एकाचे दोन झाले, मोबाइलवर ग्रुप झाला आणि बघता बघता त्या फेरीला रीतसर नाव पडलं. खाडीफेरी.

जमायचं मनोज भोईरच्या गोदामाच्या गच्चीवर. मनोज कशेळीचाच. बापजाद्यांची भातशेती होती, तिथे आता त्याची तीन गोदामं उभी आहेत. पक्ष्यांतलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण गच्चीची चावी तो आनंदाने द्यायचा आणि वर चहाही पाठवायचा. गच्चीच्या एका बाजूला हायवे, पुलावर चढणाऱ्या कंटेनरची रांग, हॉर्न, मेट्रोच्या खांबांवर चाललेलं काम. दुसऱ्या बाजूला तिवरांची झाडी, मातीचा जुना बांध आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. त्या चिखलावर टिलवे, तुतवार, शेकाटे हजारांनी उतरायचे. टिलवा चिमणीएवढा, पण थव्याने आला की चिखल दिसेनासा होतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी गुलाम हुसेन बुबेरेंनी स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीला, स्कोपला, डोळा लावून विचारलं, "बेटा, तिकडे कोणी का बसत नाही?"

हुसेनचाचा सत्तरीला टेकलेले. जन्म पॉवरलूमच्या खटखटाटात गेला. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी शेड भाड्याने दिली आणि खाडीफेरीला यायला लागले. नजर शाबूत होती, कान मात्र गेले होते. नुसते गेले असते तरी त्यांची तक्रार नव्हती. कानात रात्रंदिवस शिट्टी वाजायची. त्याच्या गोळ्या ते विनिताच्याच दुकानातून न्यायचे आणि याने फरक पडणार नाही हे तिने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

विनिताने स्कोपमधून पाहिलं. चिखलावर टिलव्यांचा गालिचा पसरला होता आणि मधोमध एक जागा मोकळी होती. साधारण एखाद्या खोलीएवढी. टिलवे खात खात तिच्या कडेपर्यंत यायचे आणि वळायचे. घाबरून उडत नव्हते. भिंत लागल्यावर माणूस वळतो तसे वळत होते.

"डिझेल सांडलं असेल एखाद्या बोटीचं," ती म्हणाली.

चाचांनी मान डोलावली. विषय तिथेच संपला.

२

डिझेल असतं तर भरतीने धुऊन निघालं असतं. पंधरा दिवसांनी जागा तशीच होती. फक्त पहिल्या ठिकाणी नव्हती, बांधाच्या बरीच जवळ सरकली होती.

विनिताने त्याचाही विचार केला. गाळ सरकतो. कापड रंगवणारे डाईंगवाले रात्री पाणी सोडतात, ते दर वेळी वेगळ्या वाटेने वाहतं. त्या रविवारी लोक गच्चीवर चहा पीत असताना ती मनोजला घेऊन खाली बांधावर गेली.

ओहोटीचा चिखल गप्प नसतो. खेकडे बिळाच्या तोंडाशी येतात, बुडबुडे फुटतात, निवटे म्हणजे चिखलातले छोटे मासे उड्या मारतात. त्या सगळ्याची मिळून एक बारीक तडतड चालू असते, फोडणीसारखी. ती ऐकत दोघं बांधावरून चालले. मोकळ्या जागेच्या समोर आल्यावर तडतड थांबली. विनिता दोन पावलं मागे आली, तडतड सुरू झाली. पुढे गेली, थांबली.

"हितं निवटे पन न्हाय, ताई," मनोज खाली बघत म्हणाला. "आमी लहानपनी हितंच धरायचो. असा कधी रिकामा बगला न्हाय."

"पाण्यातून काहीतरी आलंय. तपासायला हवं."

एका रिकाम्या बाटलीत तिने काठीने चिखल भरून घेतला. ठाण्याच्या एका लॅबमध्ये तिची वर्गमैत्रीण होती, तिच्याकडे पाठवला. चारेक दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. भिवंडीच्या खाडीत जे असतं तेच आहे म्हणाली, वेगळं काही नाही.

म्हणजे कारण सापडलं नव्हतं. कारण नाही असा त्याचा अर्थ होत नाही, हे विनिताने स्वतःला बजावलं.

३

पुढच्या फेरीला जागा बांधावर आली होती. गच्चीवरून सगळ्यांना दिसत होतं. बांधावर ओळीने बगळे बसले होते, मध्ये एवढा मोठा तुकडा मोकळा, पुढे परत बगळे. कोणीतरी फोटो काढला. कोणीतरी म्हणालं, साप असेल.

"जाऊन बघतो," हुसेनचाचा म्हणाले.

"चाचा, घसरडं आहे तिकडे."

"काठी आहे ना."

पांढरा झब्बा, डोक्यावर जाळीची टोपी, पायात गमबूट. चाचा सावकाश बांधावरून गेले. बगळे एकेक करून उडाले. चाचा मोकळ्या जागेच्या मधोमध पोचले आणि थांबले. वळून हात करतील असं विनिताला वाटलं होतं, पण त्यांनी केला नाही. खाडीकडे तोंड करून ते बराच वेळ उभे राहिले. तिने हाक मारली, मग मनोजने खणखणीत आवाजात मारली. चाचांनी मान वळवली नाही. अर्थात त्यांना तसंही कमीच ऐकू यायचं.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा झोप पुरी झालेल्या माणसासारखा दिसत होता.

"काय होतं?" विनिताने विचारलं.

"काही नाही."

"मग इतका वेळ?"

चाचांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि काढले. "शिट्टी बंद झाली, बेटा. तिथे उभा राहिलो आणि बंद झाली. हायवे नाही, हॉर्न नाही, काही नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले होते. "एवढा सुकून. इथे, भिवंडीत."

विनिताने चहा त्यांच्या हातात दिला. दमलेल्या माणसाचा रक्तदाब उतरतो, कान बधिरतात, हे तिला माहीत होतं. ते तिने सांगितलं नाही. त्यांचा आनंद मोडायला तिला जड गेलं.

४

जानेवारीच्या अखेरीला जैनब दुकानात आली. जैनब हुसेनचाचांची धाकटी मुलगी, उर्दू शाळेत शिकवायची आणि वडिलांबरोबर राहायची. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत ती काउंटरच्या कडेला उभी राहिली.

"विनिताताई, अब्बांना काही नवीन गोळ्या दिल्यात का?"

"नाही. का गं?"

"रोज खाडीवर जातात. ओहोटी असेल तेव्हा. दुपार असो, सकाळ असो, रिक्षा करतात आणि निघतात." ती घुटमळली. "ते जाऊ दे. तुम्ही जरा घरी याल? मला एक गोष्ट दाखवायची आहे. मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल माझंच डोकं फिरलंय."

दुकान मदतनिसावर सोपवून विनिता तिच्याबरोबर गेली. बुबेरेंचं घर आणि त्यांची जुनी शेड यांच्यात एकच भिंत. भाडेकरूचे लूम दोन शिफ्टमध्ये चालायचे. गल्लीत शिरल्यापासून खटखटाट सुरू झाला आणि घरात आल्यावर तो पायांतून वर चढायला लागला. दिवाणखान्यातल्या कपाटाची काच बारीक थरथरत होती. बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता.

चाचांची खोली मागे होती, शेडला अगदी लागून. दार उघडं होतं, पण चाचा घरात दिसत नव्हते.

"मशिदीत गेलेत," जैनब ओरडून म्हणाली. "आत जा."

विनिताने उंबरठा ओलांडला आणि लूम बंद पडले.

लाइट गेले असं तिला वाटलं. तिने वळून पाहिलं. उंबरठ्याबाहेर जैनब उभी होती, डोक्यावरची ट्यूबलाइट चालू होती आणि तिच्या मागे कपाटाची काच थरथरत होती. जैनबचे ओठ हलले. आवाज आला नाही.

विनिताने शेडच्या भिंतीवर तळहात ठेवला. भिंत धडधडत होती. पलीकडे लूम जोरात चालले होते, हाताला कळत होतं. कानाला कळत नव्हतं. तिने आवंढा गिळला, विमानात गिळतात तसा, कान मोकळे व्हावेत म्हणून. टाळी वाजवली. टाळी नीट ऐकू आली, अगदी जवळ, कोरडी.

खोलीत विशेष काही नव्हतं. लोखंडी पलंग, घडी केलेली चादर, खिडकीत दुर्बीण. खिडकीबाहेरच्या तारेवर चिमण्या बसल्या होत्या. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली, खिडकीसमोरचा भाग तेवढा रिकामा.

ती तशीच उभी राहिली. आपण घाबरलो आहोत का हे ती तपासत होती. छातीत धडधड नव्हती. फक्त आपण आहोत त्याहून ही खोली भरलेली आहे असं काहीतरी वाटत होतं, गर्दीच्या लिफ्टमध्ये वाटतं तसं.

मग तिच्या उजव्या कानाच्या मागे कोणीतरी श्वास आत घेतला. लांब, सावकाश. ती तो श्वास सोडला जायची वाट बघत राहिली. तो सोडला गेला नाही.

बाहेर आल्यावर खटखटाट एकदम तिच्या अंगावर आला. तो तिला इतका बरा वाटला की तिने कपाटाला पाठ टेकली.

"तुम्हालाही नाही ना आला आवाज?" जैनबने विचारलं. "मी पहिल्यांदा गेले तेव्हा रडले. अब्बांना सांगितलं तर हसले. म्हणाले, आता कशी झोप लागते."

विनिताने तिथूनच मनोजला फोन लावला. खाडीला तेव्हा ओहोटी होती.

"मनोजभाऊ, जरा गच्चीवर जाऊन बघा. ती मोकळी जागा कुठे आहे?"

थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. "ताई, आज कुटंच न्हाय. सगलीकडं पक्षी हायेत. बांधावर पन. मोकली जागा गेली बगा!"

त्याला आनंद झाला होता.

५

फेब्रुवारीत मेळावा ठरलेला होता. खाडीफेरीचा पहिलाच जाहीर कार्यक्रम. शाळांना कळवलं होतं, कशेळी आणि शेजारच्या कोन गावची कुटुंबं येणार होती, मनोजने बांधावरची झुडपं काढून वाट साफ केली होती. मुलांना बांधावरून चालवत न्यायचं आणि पक्षी जवळून दाखवायचे, असं विनितानेच सुचवलं होतं.

तिने ते बदललं. कार्यक्रम गच्चीवरच होईल, बांधावर कोणी जाणार नाही.

"आता कशाला?" मनोज वैतागला. "जेसीबी लावून साफ केला बांध. पोरांना गच्चीवरनं काय दिसनार?"

"बांध खचलाय एका ठिकाणी."

"कुटं खचलाय? दाखवा मना."

"मनोजभाऊ, माझं ऐका. एवढ्या वेळेस ऐका."

त्याने खिशातून गच्चीची चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

चाचांना भेटायला ती मुद्दाम त्यांच्या गल्लीत गेली, घरात न जाता त्यांना नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर घेऊन आली. चाचा बाकावर बसले आणि टपरीवाल्याच्या पातेल्याचा आवाज मंद झाला. विनिताने बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचं ठरवलं.

"चाचा, खोली बदला. काही दिवस जैनबला घेऊन मुलाकडे जा, पुण्याला."

"तू आत गेली होतीस. जैनब बोलली."

"हो."

"मग तुला कळलं असेल." ते शांतपणे म्हणाले. "मीही विचार केलाय. घरात त्याला बरं वाटत नाही. खाडीचं आहे ते. जैनबला त्रास होतो, मला दिसतं. मी परत सोडून येणार आहे."

"कोणाला सोडून येणार आहात?"

चाचा हसले. त्यांचे सगळे दात शाबूत होते. "सुकून, बेटा. दुसरं काय?"

"एकटे जाऊ नका. मला सांगा, मी येते बरोबर."

"तू नको येऊस," चाचा लगेच म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात काळजी आली होती. "तुझे कान चांगले आहेत."

६

मेळाव्याच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. गच्ची भरली होती. मुलं आळीपाळीने स्कोपला लटकत होती, बायका मुलांच्या डब्यांतून वड्या वाटत होत्या, मनोज माइकवर लोकांचं स्वागत करत होता आणि दर दोन वाक्यांनंतर माइक किंचाळत होता. खाली चिखल टिलव्यांनी भरला होता. एवढे पक्षी त्या हंगामात विनिताने बघितले नव्हते.

जैनब वडिलांना घेऊन आली होती. चाचांना तिने खाली सावलीत खुर्ची दिली आणि ती वर चढली.

"खालीच बसतो म्हणाले. बरे आहेत आज. मला म्हणाले, आजपासून खोलीत आवाज येईल बघ."

विनिता स्कोप सोडून कठड्याकडे गेली. खुर्ची रिकामी होती. चाचा बांधावर होते, बरेच पुढे गेलेले, काठी टेकत चाललेले. त्यांच्याभोवती चिखलाचा एक तुकडा मोकळा होता आणि ते पुढे सरकले की तोही सरकत होता.

तिने हाक मारली नाही. त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मनोजकडे धावत जाऊन ती म्हणाली, "माणूस पाठवा खाली, चाचांना आणा." मनोजने माइक कोणाच्या तरी हातात दिला आणि जिना उतरायला लागला. ती परत स्कोपशी आली, एका मुलाला बाजूला केलं आणि डोळा लावला.

चाचा बांधाच्या टोकाला उभे होते. पुढे पाणी. ते थोडे वाकून उभे होते आणि त्यांनी मान तिरकी केली होती, कोणी कानात काही सांगत असलं की करतात तशी.

त्याच वेळी दलदली भोवत्या आला. तो शिकारी पक्षी तिवरांवरून खालून खालून आला आणि सगळा चिखल एकदम उठला. हजारो टिलवे एका अंगाने वळले, पोटं चमकली, गच्चीवरची पोरं ओरडली. थवा काठावरून फिरला आणि बांधाकडे सुटला.

बांधाच्या टोकाशी तो फाटला.

पाण्यात खांब असला की प्रवाह दोन्ही बाजूंनी जातो, तसा तो गेला. मधे पोकळी राहिली आणि पोकळीला आकार होता. इतके दिवस विनिता त्या जागेकडे वरून बघत आली होती. तिची उंची तिला कळली नव्हती. ती चाचांच्या दुप्पट असेल, जास्तच. खाली अरुंद होती. वर जाऊन ती पुढे झुकत होती, चाचांच्या डोक्यावर, आणि जिथे झुकत होती तिथे टिलवे दोन्ही बाजूंनी असे वळसे घेत होते की त्या पोकळीला खांदे आहेत हे दिसत होतं. एक बाजू खाली चाचांच्या पाठीवर आली होती. हात ठेवल्यासारखी.

हे सगळं पापणी लवायच्या आत. मग थवा मिळून एक झाला, मागे गेला, उंच चढला आणि उलटा फिरून परत आला.

या वेळी तो फाटला नाही. सरळ बांधाच्या टोकावरून गेला, अखंड, आणि लाट विरावी तसा खाली बसला. चिखलावर, बांधावर, बांधाच्या टोकावर. टिलवे उतरले आणि लगेच खायला लागले. विनिताने स्कोप इकडून तिकडे फिरवला. कुठेही जागा मोकळी नव्हती.

गच्चीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अब्बा कुठे दिसतायत?" जैनब तिच्या खांद्याशी येऊन म्हणाली. विनिताने डोळा स्कोपवरून काढला नाही.

७

मनोज बांधाच्या टोकापर्यंत गेला होता. त्याला वाटेत कोणी भेटलं नाही. चिखलात बांधावरून खाली उतरल्याच्या खुणा नव्हत्या. कशेळीच्या लोकांनी होड्या काढल्या, भरती आली तरी फिरत राहिले, दुसऱ्या दिवशीही फिरले. पोलिसांनी विनिताला विचारलं तेव्हा तिने सांगितलं की थवा मध्ये आला आणि तेवढ्यात ते दिसेनासे झाले. यात खोटं काही नव्हतं. पाय घसरला असावा, खाडीच्या ओढीत गेले असावेत, असं शेवटी ठरलं.

खाडीफेरी त्या हंगामापुरती बंद झाली.

मार्चमध्ये जैनब दुकानात आली. डोकेदुखीची गोळी मागितली. घरात झोप होत नाही म्हणाली, लूमचा फार आवाज येतो. पैसे देऊन झाल्यावरही ती काउंटरपाशी उभी राहिली.

"ताई, तुम्ही शेवटपर्यंत दुर्बिणीतून बघत होता ना?"

"हो."

"मला एवढंच सांगा. अब्बा एकटे होते का तिथे?" तिने ओढणी सावरली. "त्यांना पाण्याची भीती वाटायची. मला सारखं वाटतं, निदान कोणीतरी त्यांच्याजवळ असायला हवं होतं."

विनिताने गोळ्यांची पट्टी पाकिटात घातली. पाकिटाची कड दुमडली, मग आणखी एकदा दुमडली. जैनब तिच्याकडे बघत होती. तिला नेमकं काय ऐकायचं आहे हे विनिताला कळत होतं, आणि खरं उत्तरही तेच होतं.

"एकटेच होते गं," ती म्हणाली.